आईचा समोरून फोटो

आई गेली आणि सगळ्यात मोठा घोर लागला तो फोटोचा. रविवारी पुण्यानुमोदन. हॉल ठरला, जेवण सांगून झालं, आणि फुलं वाहायला आईचा समोरून काढलेला एक फोटो घरात मिळेना.

माझ्या धाकट्या भावाच्या, संघर्षच्या वेळच्या बाळंतपणात तिच्या तोंडावरून वारं गेलं. तोंड उजवीकडे ओढलं गेलं, डावा गाल सैल पडला, डावा डोळा मिटेना. त्यात नाव सुंदराबाई. त्यावरून टोमणे मारायची हौस आत्याने आयुष्यभर भागवून घेतली. आई भायखळ्याच्या मार्केटात भाजी विकायची. शेजारणीकडेही तीच कोथिंबीर, पण गिऱ्हाईक आधी त्या शेजारणीकडे वळायचं. ‘सरळ तोंडाच्या बाईची भाजीपण ताजी वाटते लोकांना,’ आई म्हणायची. चिडून नाही, दमून. लग्न असो, हळद असो, फोटो काढायची वेळ आली की डाव्या गालावर पदर यायचाच.

शेवटी तिचं आधार कार्ड शोधून काढलं. त्याचा फोटो काढताना तिला पदर बाजूला करायला लावला होता. लालबागच्या स्टुडिओतला उन्मेष तो फोटो बघून म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ. उजवी बाजू उलटी करून डावीकडे बसवतो. एकदम परफेक्ट फेस!” मी हो म्हटलं. इतकी थकले होते, की कुणी काहीही विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

शनिवारी फोटो घरी आला. दोन्ही डोळे सारखे, हसू बरोबर मधोमध. “आगं बया, किती देखणी दिसते गं वहिनी!” आत्या म्हणाली. तिच्या तोंडून वहिनीसाठी चांगला शब्द निघायला वहिनीला मरावं लागलं. मला संताप आला, पण भांडायचं त्राण नव्हतं.

बाबांनी शिवडीच्या गोदामात हमाली केली. कामावरून कितीही मोडून आले तरी रोज झोपताना आईच्या डाव्या डोळ्यात औषध घालायचे, मग पापणी बोटाने मिटवून वर पट्टी लावायचे. नाहीतर डोळा रात्रभर उघडा राहून कोरडा पडायचा. ते फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग वळून म्हणाले, “दीपे, हिला औषध कुठल्या डोळ्यात घालायचं गं?”

आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले. मग तो फोटो पिशवीत घातला आणि परत स्टुडिओत गेले.

“होता तसाच मोठा करून दे.”

“ताई, पण लोक बघतील ना...”

“बघू देत. आजवर तिने बघू दिलं नाही.”

रविवारी आईचं वाकडं तोंड हॉलमध्ये सगळ्यांच्या समोर होतं. आत्याने मान खाली घालून फूल वाहिलं. बाबांनी मेणबत्ती लावली, आणि तिच्या डाव्या डोळ्यावरून, काचेवरूनच, हलकेच बोट फिरवलं.