दोघांची गादी

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गादीवाले आहेत. गिऱ्हाईक किंग साइज, क्वीन साइज म्हणालं की ते तोंड वाकडं करतात. "ती नावं कंपनीची. आमच्यात एकट्याची, दोघांची आन् लेकुरवाळी." मग खडूने फरशीवर माप आखून दाखवतात.

वडील गेल्यावर आईसाठी लहान पलंग घ्यायचं ठरलं, म्हणून मी त्यांच्याकडे एकट्याची गादी सांगायला गेलो. त्यांनी ती आखली आणि विचारलं, "आई आता पलंगाच्या मदी झोपत्यात?"

"नाही. अजून भिंतीकडेच. वडिलांची बाजू सोडून."

त्यांनी पायाने रेघ पुसली आणि दोघांची आखायला घेतली.