बेबीताईची वेणी

दाराच्या पडद्याला खाली लोंबणारे दोरे होते. बेबीताई त्यांची वेणी घालत बसली होती. तिची चाळिशी उलटली आहे, पण बुद्धीची वाढ कमी म्हणून सगळी गल्ली तिला बेबीच म्हणते. तिचे स्वतःचे केस मात्र मानेपर्यंत कापलेले.

"बेबीताई, तुम्हाला काय हवंय?" मी प्रश्नावली काढून विचारलं.

"वेणी."

तिची आई हसली. "तिला कसलं कळतंय? मला विचारा ना. केस वाढवले तर विंचरायचे कोणी? माझे हात वर जात नाहीत आता."

"तिची ती घालेल की. ही बघा ना, किती छान घातलीय."

"अहो ताई, पडदा वेगळा, डोकं वेगळं."

अशा प्रौढांना आधार कसा द्यावा, हाच आमच्या संशोधनाचा विषय. आणि तिथेही आम्ही घरच्यांचंच उत्तर त्यांचं म्हणून धरतो. याची मला फार चीड येते. कॉलेजात कोणता विषय घेऊ, हे माझ्या न शिकलेल्या आईवडिलांनी मलाच विचारलं होतं आणि मी सांगितलं ते मानलं होतं. मी मोठी झाले ती त्या दिवशी. बेबीताईचा तो दिवस अजून आलेलाच नाही. पण त्या थकलेल्या बाईवर तरी कसं चिडायचं?

मी उठले. "बेबी, उद्या केस कापायचेत, शहाण्यासारखी बस हं," आई म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडायला येताना तिने पडद्याची ती घट्ट, सरळ वेणी सवयीने सोडवून टाकली.