दुरुस्तीला न गेलेले यंत्र

माझ्या वडिलांचे श्रवणयंत्र कधीही बिघडले नव्हते. ते मीच त्यांच्याकडून काढून घेतले आणि तीन आठवडे कार्यालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या फायलींखाली ठेवून दिले. ही गोष्ट मी दोन वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही.

आप्पांचे आयुष्य वडगावात यंत्रमागावर साड्या विणण्यात गेले आणि त्या खडखडाटात त्यांचे कानही गेले. आई वारल्यावर मी त्यांना टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणले आणि कानाचे मशीन घेऊन दिले. मग कित्येक वर्षांची भूक भागवावी तसे ते विचारू लागले. फोन कुणाचा होता, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, खालच्या मजल्यावर कोण भांडतंय, नात अजून का आली नाही. एक उत्तर दिले की पुढचा प्रश्न तयार असे.

पत्नी निपाणीच्या शाळेत शिक्षिका. पहाटेची बस धरून जाई, ती परतेपर्यंत सात वाजत. मी एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. सायंकाळचा स्वयंपाक, आप्पांच्या गोळ्या, मुलीचे गणित, सारे माझ्याकडे होते. घरी परतताना जिना मी सावकाश चढे. दाराबाहेर चपला काढायला मी मुद्दाम वेळ लावत असे. खानापूरजवळच्या खेड्यात दिलेली बहीण फोनवर विचारी, तेव्हा सगळे ठीक आहे असे मी सांगे. दमलो, हे शब्द माझ्या तोंडून निघत नसत. मुलाने बापाचे करायचे त्यात दमणे कसले, अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. मुलगी एका गणितावर अडून रडकुंडीला आली होती, गॅसवर आमटी उतू गेली होती आणि आप्पा तिसऱ्यांदा विचारत होते की पोरगी का रडते. मशीन साफ करून आणतो असे सांगून मी हात पुढे केला. त्यांनी निमूटपणे ते काढून दिले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कागदावर लिहून दाखवले की बिघाड मोठा आहे, कोल्हापूरला पाठवावे लागेल.

पहिला आठवडा मी गाढ झोपलो, हे मी नाकारणार नाही. आप्पा नुसते आमच्या तोंडांकडे पाहत बसत. एकदा जेवताना म्हणाले, "तुमची तोंडं हलत्यात, मला वाटतंय समदी पान चघळालासा." आम्ही हसलो. मीही हसलो.

मग भीती आली. आप्पा रोज सकाळी रेल्वेच्या गेटापलीकडे फिरायला जात. कार्यालयात दुरून गाडीची शिट्टी कानी आली की माझा हात लिहिता लिहिता थांबे. त्यांना ती ऐकू येणार नाही, हे जगात मला एकट्याला नेमके कळत होते. बाकीच्यांना वाटे, दुरुस्तीला वेळ लागतो आहे. रोज ठरवी, आज मशीन न्यायचे. पण इतके दिवस कुठे होते, या प्रश्नाला मी भिई आणि खण तसाच बंद ठेवी.

एका सकाळी गेटाजवळची भाजीवाली आप्पांना हाताला धरून दारात घेऊन आली. गेट पडलेले असताना ते वाकून आत शिरले होते; तिने मागून सदरा धरून ओढले नसते तर काय झाले असते, ते तिने मला कन्नडमध्ये चार शब्द सुनावत सांगितले. आप्पांना तिचे बोलणे ऐकू येत नव्हते, पण रोख कळला. ते तिला म्हणाले, "पोराला बोलू नको, बाई. मशीन कोल्हापूरला हाय. त्यो रोज इचारतोय तितं."

त्या सायंकाळी मशीन दुरुस्त होऊन आल्याचे मी दुसरे खोटे बोललो. पुढे दोन वर्षे आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले की पोराने मशीनसाठी किती खेपा घातल्या. मी मान खाली घालून ऐके. एवढे मात्र झाले की बहिणीला मी अखेर कळवले, मला एकट्याला झेपत नाही. ती रागावली, आधी का सांगितले नाही म्हणून. आणि महिन्यातले दहा दिवस आप्पांना घेऊन जाऊ लागली.

गेल्या महिन्यात कामावरून आलो आणि डोके धरून खुर्चीत बसलो. आप्पा काही विचारू लागले आणि मधेच थांबले. त्यांनी कानातले मशीन काढले व माझ्यापुढे टेबलावर ठेवले.

"लई दमलास रं," ते म्हणाले. "हे ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला ऐकायलाच आलं न्हाय, तर मी काय इचारत न्हाय."

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मशीन उचलले, आप्पांच्या कानात नीट बसवले, आवाज येतो का ते विचारले. त्यांनी मान हलवली.

"आप्पा, मशीन कधी बिघडलंच नव्हतं. कोल्हापूरला गेलंच नव्हतं. तुमचं बोलणं मला सोसवेना, म्हणून मीच काढून घेतलतं, आणि तुम्ही गाडीखाली जात होता तरी खरं बोललो न्हाय. माझं चुकलं, आप्पा. मला माफ करा."