तंबू सुकेपर्यंत

किस्से काही शोधत फिरावे लागत नाहीत. तीन म्हातारे एका तंबूत कोंबा, सकाळपर्यंत पोतं भरतं. मी, म्हात्रे आणि सावंत, तिघंही वागळे इस्टेटच्या एकाच वर्कशॉपमधले. रिटायर झालो, सावंतची बायको वारली, आणि म्हात्रेच्या गाडीतून आमचं कॅम्पिंग सुरू झालं. मुरबाडच्या पुढे, नदीकाठी.

पहिल्या खेपेला म्हात्रेने तंबू उतारावर ठोकला. सकाळी तिघंही दाराशी ढीग होऊन पडलेलो! म्हात्रे म्हणतो, "घरी पलंग सपाट असतो. जमिनीचं मला काय माहीत!"

*

सावंतने पिठलं केलं. मीठच नाही! म्हात्रे बोलला, "वहिनी जाताना मीठपण घेऊन गेल्या काय रे?"

मला वाटलं, आता मारामारी. सावंत हसून हसून खोकायला लागला.

आता सावंत पिठलं झकास करतो. घरी मात्र डबा लावलाय. म्हटलं, "घरी का नाही करत?"

"चव कोणाला विचारू? फ्रिजला?"

*

सून मला म्हणाली, "बाबा, जंगलात जाऊन शिकता तरी काय?"

म्हटलं, "भांडी घासायला."

तोंड बंद ठेवायला हवं होतं. तेव्हापासून घरचं सिंक माझ्याकडे!

*

परतताना आधी डोंबिवली लागते, मग ठाणे. डोंबिवलीला घर आलं तरी सावंत उतरेचना. "आधी तुम्हाला सोडू, मग मला."

म्हात्रे तापला. "गाडी माझी, घर माझं माजिवड्याला. मी मला सोडून परत तुला सोडायला येऊ? डोकं आहे का?"

"मग चहा तरी पिऊ."

टपरीवाल्याचं दूध संपलं, तेव्हा उतरला.

*

तंबू ओला गुंडाळला की बुरशी धरते. म्हणून दव सुकल्याशिवाय निघायचं नाही, हा म्हात्रेचाच कायदा. गेल्या थंडीत ऊन चांगलं डोक्यावर आलं, तरी तंबू ओलाच. म्हात्रे बोंबलतोय, "अरे, घरी जेवायला थांबलेत!"

आम्ही दोघं नदीवरून भांडी घासून आलो. बघतो तर सावंत तंबूच्या मागे उभा. हातात तांब्या. कापडावर हळूहळू पाणी सोडतोय. आम्ही आलेलो त्याला कळलंच नाही.

म्हटलं, आता म्हात्रे आईबहीण काढणार.

म्हात्रे पुढच्या बाजूने गेला. तंबूला हात लावला. आभाळाकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाला, "दव फार पडतं बुवा इकडे!"

आणि घरी फोन लावला, "तुम्ही जेवून घ्या गं. आमचा तंबू काय आज सुकत नाही."