कडूकाकांची जीभ

रोज सकाळी हजेरीच्या वहीत सही करण्याआधी कडूकाका वाळवणीच्या खोलीत जायचे. ट्रेमधलं ऑलिव्हचं एक वाळलेलं पान उचलायचे, मधोमध मोडायचे आणि अर्धं जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. वीसपर्यंत मोजून झालं की पान कागदात थुंकायचे, चूळ भरायचे आणि खिडकीच्या गजाला टांगलेल्या वहीत पेन्सिलीनं एखादा शब्द लिहायचे. कडू. फार कडू. कधी नुसतंच ‘बरं’.

संशोधन संस्थेत त्यांचं काम पानं तोडायचं, धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. आवारात ऑलिव्हची तीस झाडं होती. पुढं त्या पानांचा अर्क निघायचा, अर्काच्या गोळ्या व्हायच्या, आणि त्या गोळ्यांनी रक्तदाब खरंच उतरतो का, हे संस्थेतल्या संशोधक बाई तपासत होत्या. पान चाखायला काकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या चाखण्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते तक्रार न करता अंगावर वागवलं होतं.

“काका, त्यासाठी यंत्र आहे,” बाई एकदा म्हणाल्या होत्या.

“असेल की. पण तुमचं यंत्र तीन महिन्यांनी बोलतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

खोटं नव्हतं ते. यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं आणि तिथं नंबर लावावा लागे.

बाईंचं हे पाचवं वर्ष. चाळीस माणसं गोळ्या घेत होती. पहिले दोन महिने त्यांचा रक्तदाब हळूहळू खाली आला. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत, पण जिना चढताना गुणगुणू लागल्या. तिसऱ्या महिन्यात आकडे पुन्हा वर गेले, एकदोघांचे नव्हे, जवळजवळ सगळ्यांचे. बाईंनी मोजायची उपकरणं तपासली, प्रत्येकाला खाण्यापिण्याबद्दल खोदून विचारलं, गोळ्या पुन्हा मोजल्या. हाती काही लागेना. अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांचं पत्र आलं. शुक्रवारी बैठक होती, आणि तोवर कारण सापडलं नाही तर अभ्यास बंद होणार होता.

त्याच आठवड्यात, सोमवारी काका बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत.

“बाई, मला दुसरं काम द्या. टपाल बघतो, नाहीतर दारावर बसतो.”

“का? काय झालं?”

“जीभ गेली माझी.” त्यांनी मान खाली घातली. “दहा आठवडे झाले. पान गवतासारखं लागतंय. हिला सांगितलं, तर म्हणते, आयुष्यभर माझं बोलणं ऐकून कान गेले नाहीत, आता जिभेचं निमित्त काढताय.”

बाईंना हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. “दहा आठवडे? वही आणा बघू.”

वहीत एका तारखेपर्यंत ‘कडू’ होतं. मग ‘बरं’, ‘बरं’, ‘मवाळ’. त्यापुढं नुसत्या तारखा होत्या. म्हातारपण लिहून कशाला ठेवायचं, म्हणून काकांनी जागा कोरी सोडली होती. बाईंनी गोळ्यांची नोंद शेजारी धरली. तिसऱ्या महिन्याच्या गोळ्या या कोऱ्या तारखांच्याच पानांच्या होत्या.

प्रत्येक खेपेतली मूठभर पानं कपाटात राखून ठेवलेली असत. बाईंनी दोन पिशव्या काढल्या, एक ‘कडू’ तारखेची, एक कोऱ्या तारखेची, आणि दोन बश्यांत पानं घातली.

“डोळे मिटा, काका.”

पहिलं पान जिभेवर ठेवलं आणि सहा मोजायच्या आत काका बेसिनकडे धावले. “अहो, विष आहे हे.”

“आता हे.”

“हे गवत.”

बाईंनी बश्या तीनदा अदलाबदल केल्या. काका एकदाही चुकले नाहीत.

“म्हणजे शाबूत आहे,” ते म्हणाले. चेहरा उजळला, आणि डोळ्यांदेखत उतरला. जीभ शाबूत असेल तर खोट पानांतच होती, आणि पानं त्यांच्या हातची. ते आपणहून खुर्चीत बसले.

“ही पडल्यापासून साडेचारला तिला पायाच्या व्यायामाला न्यावं लागतं. मी पानं धुवून टोपलीत ठेवायचो, वर ओलं फडकं. सकाळी पसरायचो. हात घातला की कोमट लागायची. म्हटलं, एका रात्रीनं काय होतंय.”

काय होतं ते बाईंना ठाऊक होतं. रक्तदाब उतरवतं म्हणून ज्या कडू द्रव्याचा त्या अभ्यास करत होत्या, ते ओल्या ढिगात पान स्वतःच मोडून टाकतं. त्यांनी टेबलाच्या काचेखालचा कागद बाहेर काढला. कामाच्या सूचना त्यांच्याच अक्षरात होत्या. ‘पानं धुवून वाळवणे.’ किती वेळात, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“शुक्रवारी माझं नाव सांगा,” काका म्हणाले.

“सांगेन. आधी माझं सांगेन.”

शुक्रवारी अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सारून ती वही वाचली. “हे ‘बरं’ म्हणजे नेमकं किती?”

“यंत्राचा अहवाल येईपर्यंत माझ्याकडे एवढंच आहे,” बाई म्हणाल्या.

अभ्यास बंद झाला नाही, अहवालापर्यंत थांबवला गेला. अहवाल आला. त्या पानांत कडू द्रव्य पाचवा हिस्साही उरलं नव्हतं. मग सगळं पहिल्यापासून, नव्या गोळ्यांनी. पानं सकाळीच धुतली जाऊ लागली. काकूंचा व्यायाम साडेचारलाच राहिला.

दोन वर्षांनी निष्कर्ष निघाला. ज्यांचा रक्तदाब थोडाच वाढलेला होता त्यांचा थोडा उतरला. चालू औषधं सोडावीत असं काही नव्हतं. बाईंनी तेवढंच लिहिलं. पद्धतीच्या भागात एक ओळ वाढली होती: ‘धुतल्यापासून दोन तासांच्या आत पानं पसरावीत.’

निवृत्तीनंतरही तोडणीच्या दिवसांत काकांचा फोन यायचा. शेवटचा आला, त्यानंतर आठवड्याभरातच ते दुपारच्या झोपेतच वारले.

“पसरली का पानं?” त्या शेवटच्या फोनवर त्यांनी विचारलं होतं.

“पसरली. आणि काका, यंत्र आता आपल्याकडेच आलंय. दुसऱ्या दिवशी सांगतं.”

“एक दिवस गेलाच की मग.” ते हसले. मागं भांड्याचा आवाज झाला, काकू काहीतरी बोलल्या. “ठेवतो बाई. हिनं चहा केलाय, साखर घातली का नाही तिला आठवेना. थांब गं, चाखून बघतो.”