गिनती पुरी, गाडी नाही

उंब्रजजवळ हायवेला लागून गाड्या सांभाळायचा तळ चालवणाऱ्या एका निवृत्त फौजीनं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट ऐकणारा अर्ध्यातच मला थांबवतो आणि म्हणतो, "गड्या, तू तर बाजार विकून खाणारा माणूस, तुला कोण फसवणार?" मला फसवलं. तेही दिवसाढवळ्या, सलाम ठोकून.

मी बेदाण्याचा व्यापारी. बाप आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखायचा. मी त्या माळावरून विट्यात आलो, डोक्यावर पाट्या वाहिल्या, मग दुसऱ्याच्या मालाची दलाली केली, मग स्वतःचा माल घेतला. पिकअप गाडी घेतली तेव्हा आमच्या अख्ख्या भावकीत कुणाच्या दारात चार चाकं नव्हती. वडिलांना पुढच्या सीटवर बसवून माळावर नेलं. त्यांनी उतरताना आपलं घोंगडं सीटवरच ठेवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लांबचा परवास असतोय तुजा." त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं. एका कोपऱ्याला चुलीच्या ठिणगीनं भोक पडलेलं आणि आईनं ते तांबड्या दोऱ्यानं शिवलेलं. पुढं वडील गेले. घोंगडं सीटवर राहिलं.

वर्षातून दोन-तीन वेळा मला गिऱ्हाईक गाठायला गुजरातेत जावं लागतं, आणि एकदा गेलो की आठवडेच्या आठवडे जातात. बस हायवेवरून धरायची, तर गाडी कुठं ठेवायची? कराडात गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा मुलगी बघणं सोपं. म्हणून उंब्रज. फौजीचा तळ मोठा, चिंचेची सावली, भोवती तारेचं कुंपण. फाटकावर पाटी: 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.' कॅमेरा होता. त्याची वायर खांबाच्या मध्यापर्यंत येऊन संपली होती आणि वरच्या टपात चिमणीनं काड्या भरल्या होत्या. नजर होती, पण चिमणीची.

मला मात्र तिथली एक गोष्ट पसंत पडली होती. फौजी रोज संध्याकाळी शिट्टी मारून गाड्यांची गिनती करायचा. पलटणीत जवानांची करतात तशी. हातात छडी, बुटांचा आवाज, शेवटच्या गाडीपाशी टाच आपटून ओरडायचा, "गिनती पुरी!" मनात म्हटलं, याला म्हणतात शिस्त. आमचे वडील मेंढरं कधीच मोजायचे नाहीत. मोजली की नजर लागते म्हणायचे. संध्याकाळी वाघरापाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, उकिडवे बसून नुसतं कळपाकडं बघायचे आणि म्हणायचे, "काळतोंडी कुठाय रं?" मला लहानपणी याची लाज वाटायची. शाळेत शंभरापर्यंत अंक आले तेव्हा पहिल्यांदा मीच कळप मोजायला गेलो होतो आणि मार खाल्ला होता. म्हणून गिनती करणारा माणूस भेटला याचा मला आनंदच झाला. त्या आनंदात मी घासाघीस करून त्याचा भाव पार खाली आणला. ते माझ्या स्वभावातच आहे. देवळात नारळ घेतानाही मी एकदा मागं फिरतो.

त्या तळावर उभ्या गाड्यांतल्या निम्म्या मेल्या होत्या, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. एका टेम्पोच्या चाकातून गुळवेल वर चढलेली. एका मोटारसायकलच्या सीटमधला स्पंज खारींनी नेलेला. एका पांढऱ्या कारवर धूळ इतकी, की कुणीतरी बोटानं लिहिलेलं 'मला धू' हेसुद्धा पुन्हा धुळीखाली गेलेलं. मी विचारलं, "आवं फौजी, ह्यांचं मालक कुठं गेलं?"

"गलाईवालं हायत शेठ. यात्रंला येत्याल."

यावर आमच्या भागात कुणी पुढं विचारत नाही. विटा-खानापूरकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्याला देशभर गेलेली. येतात ती गावच्या यात्रेला, नाहीतर दिवाळीला. तोपर्यंत घराला कुलूप, गाडीला धूळ. त्यामुळं आमच्याकडं कुठलीही बेवारस गाडी बेवारस दिसत नाही, ती गलाईवाल्याची दिसते. दुसऱ्या जिल्ह्यात अशी गाडी दिसली तर लोक पोलिसांना फोन करतात. आम्ही म्हणतो, यात्रेला येतील. वरून दसऱ्याला फौजी तळावरच्या झाडून सगळ्या गाड्यांना झेंडूचा हार घालायचा. मेलेल्यांनासुद्धा. मग तर बघायलाच नको. हार घातलेल्या गाडीचा मालक मेलाय असं कोण म्हणणार?

गेल्या हिवाळ्यात मी गाडी लावली, चावी नेहमीप्रमाणं फौजीच्या खोलीतल्या खिळ्यावर अडकवली आणि बसला हात केला. सगळ्यांच्याच चाव्या तिथं. गाड्या मागं-पुढं कराव्या लागतात म्हणून. परत आलो ती सकाळची वेळ. चिंचेखाली माझ्या जागेवर एक राखाडी रंगाची जुनाट कार उभी.

"माजी गाडी कुठं लावली?"

फौजी दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "आसंल की शेठ. काल सांजच्याला गिनती पुरी भरली."

सगळा तळ फिरलो. पिकअप नव्हती. खिळ्यावर चावी नव्हती. मी आवाज चढवला, फौजीनं छडी उचलली आणि माझ्यासमोर पुन्हा गिनती केली. पुरी भरली. माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच एक गाडी जास्तीची मागतोय.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणीतरी ती राखाडी कार आत आणून लावली होती, खिळ्यावरची चावी घेतली होती आणि माझी पिकअप बाहेर काढली होती. एक आली, एक गेली. गिनती पुरी.

"ही कार कुणी आणली?"

"हुता एक. गलाईला चाललोय म्हणला, चेन्नईला. यात्रंला यील."

"आन् माजी गाडी बाहीर काढताना तुमी कुठं हुता?"

"फाटकावर. सलाम केला की मी." हे तो अभिमानानं म्हणाला.

हवालदार आला. त्यानंही आधी गाड्या मोजल्या. मग कारभोवती फिरला आणि हसायला लागला. पुढची नंबरपाटी एका जिल्ह्याची, मागची दुसऱ्याच जिल्ह्याची. फौजीला विचारलं, "हे तुला दिसलं न्हाई?"

"साहेब, सलाम म्होरनंच करत्यात. मागनं कोण करतंय?"

फिर्याद लिहून घेतली गेली. जाताना हवालदार म्हणाला, "मिळंल, नाद सोडू नका." पिकअपचा विमा होता, त्याचं काय व्हायचं ते होईल. घोंगड्याचा विमा कुणी काढत नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जगाला भाव शिकवता, आन् चावी खिळ्याला टांगून जाता व्हय?"  तिला उत्तर देऊन आजवर माझा फायदा झालेला नाही.

पुढं मी तीन-चार वेळा तळावर गेलो, भांडलो. शेवटच्या वेळी फौजीनं मला एक वाक्य ऐकवलं ते अजून सलतंय. "शेठ, तुमी भाव केवढा पाडला हुता? तेवढ्यात गिनतीच येती. वळख न्हाई येत." आयुष्यभर मी लोकांना असली वाक्यं ऐकवली. पहिल्यांदा कुणीतरी मला ऐकवलं, आणि तेही माझाच माल घालवून.

आणि मग यंदाचा दसरा. मोबाईलवर फौजीनं पाठवलेला फोटो आला. राखाडी कारला झेंडूचा हार. खाली लिहिलेलं, 'शेठ, तुमच्या गाडीची पूजा केली. शुभेच्छा.' त्याच्या लेखी हिशेब मिटला होता. माझ्या जागेवरची गाडी ती माझी गाडी. मी मोबाईल आपटणारच होतो, तेवढ्यात फोटोच्या कडेला फौजीची खुर्ची दिसली. खुर्चीवर घोंगडं. बोटांनी फोटो मोठा केला. कोपऱ्याला तांबडा दोरा.

तासाभरात एसटीनं उंब्रज गाठलं असं म्हणायला आवडलं असतं, पण सणाची गर्दी, एसटीनं अर्धा दिवस घेतला. राग मात्र ताजा राहिला. फौजी खुर्चीत बसला होता. मी घोंगडं त्याच्या पाठीमागून ओढलं.

"हे कुठलं?"

"तुमच्याच गाडीतलं की. थंडी लय पडली हुती तवा. नुस्तं पडून हुतं, म्हणलं रातीपुरतं घ्यावं."

"मग परत का न्हाई ठेवलं?"

"ठेवाय गेलो की सकाळी. तवर गाडी फाटकातनं बाहीर पडत हुती. सलाम केला. म्हणलं, शेठ आलं, घिऊन गेलं."

हे तो इतक्या सहज बोलला, जणू घोंगडं त्याचंच.  माझ्या गाडीतलं फक्त एवढंच वाचलं, ते राखणदारानं चोरलं होतं म्हणून. यासाठी त्याचे आभार मानायचे की मानगूट धरायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घोंगडं घेऊन आलो. त्याला बिडीचा वास येतोय, दोनदा उन्हात टाकलं तरी. बायको म्हणते धुवा. मी धूत नाही. पुरावा आहे.

कारण फौजीच्या बोलण्यातली गाठ मला एसटीत परत येताना, कुंडलच्या एका बाईच्या टोपलीला टेकून उभा असताना सापडली. मी गाडी घेऊन गेलो असं त्याला खरंच वाटलं असतं, तर त्या संध्याकाळी गिनतीत एक गाडी कमी भरायला हवी होती. ती पुरी भरली. म्हणजे माझ्या रिकाम्या जागेवर दुसरीच गाडी आलीय, हे त्यानं स्वतःच्या छडीनं मोजलं होतं. तरी मी परत आलो तेव्हा हातात ब्रश घेऊन हाच माणूस मला म्हणाला, आसंल की शेठ.

तेव्हा फौजी, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुम्हाला वाचून दाखवणारं कुणीतरी भेटेल. भाव मी पाडला, कबूल. पण खोटं बोलायचा भाव आपला ठरला नव्हता. माझी गाडी नाही हे तुम्हाला त्या सकाळीच माहीत होतं, हातात माझ्या बापाचं घोंगडं होतं. मग संध्याकाळी टाच आपटून 'गिनती पुरी' कुणासाठी ओरडलात? यात्रेपर्यंत थांबणार नाही. उत्तर द्या.