उदेभान मिस्त्रीचं पायाड

काम झाल्यावर मजुरी मागणाऱ्या मिस्त्रीला "उद्या ये" असं तुम्ही आजवर किती वेळा सांगितलंत? राहू द्या, मला अंदाज आहे.

गोंदियाजवळच्या मुर्री गावचा उदेभान मिस्त्री असल्या लोकांना पुरून उरला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. चौतीस साली त्याने गोंदियात गुलाबचंद शेठचं दुमजली घर बांधलं. विटा, चुना, सागवान सगळं शेठचं. चढून काम करायला भिंतीला लावलेलं बांबूचं पायाड तेवढं मिस्त्रीचं. गिलावा झाला आणि शेठने शेवटच्या महिन्याची मजुरी अडवली. भिंत वाकडी आहे म्हणे. मी त्याचा दोस्त, मीही मिस्त्रीच; स्वतः ओळंबा लावून पाहिला. कसली वाकडी!

उदेभानचं स्वतःचं अडलं नव्हतं. पण चुना वाहणाऱ्या नऊ बाया दूर सालेकशाकडून, कचारगडाजवळच्या गावांतून आलेल्या. रोजी हातात पडल्याशिवाय त्यांना घरी जाता येईना. मी म्हणालो, शेठच्या दारात बोंब मारू. त्याने मला बसवलं, बिडी दिली. "बोंबलून काय होते, भाऊ? पायाड उभं आहे ना."

ते उभंच राहिलं, ऐन दरवाजासमोर. आणि शेठच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर. शेठने दुसरे मिस्त्री बोलावले. तिघे आले, गाठी पाहून उदेभानचा हात ओळखला आणि परत गेले. एकाने बांधलेलं पायाड त्याच्या परवानगीशिवाय दुसरा सोडत नाही, ही मिस्त्रींची रीत. तिसरा तर जाताना सांगून गेला की बरात खिडकीतून घ्या. मग शेठने नोकर चढवले. पण आडवे बांबू भिंतीत रोवलेले. एक ओढला तर हातभर गिलावा सोबत आला. नोकर खाली उतरले.

शेवटी शेठ स्वतः टांग्यातून मुर्रीला आला. "अरे उदेभान, बरात आने वाली है. लकडी हटा."

"हटवतो ना शेठजी, कायले नाही हटवणार? पहिले बायाइले रोजी द्या."

"और तेरा?"

"माह्यं मागून पाहू. बायाइचं आजच."

बाया मुर्रीलाच थांबलेल्या; शेठने तिथेच त्यांची रोजी चुकती केली. बायांतली वयस्क मंगली पैसे पदरात बांधून पायाड सोडायला मदत करते म्हणाली. उदेभानने तिला दटावलं, "तू घरी जाय, बाई. सालेकशाची गाडी निघून जाईन."

संध्याकाळपर्यंत पायाड उतरलं, भिंतीतली भोकं बुजली. लग्नाआधी त्याचेही पैसे आले. लग्नाच्या जेवणाला तो मलाही घेऊन गेला. मी रागारागात तीनदा जिलबी मागून घेतली.

तुमच्या दारात आज कुणाचं पायाड उभं असेल, तर हे वाचून उठा आणि चुना वाहणाऱ्या बायांची रोजी आधी देऊन या.